गोंझागा विद्यापीठ : कोर्ट एकच, मग महिला आणि पुरुष संघांत फरक कुठे?

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात स्पोकेन शहरातील गोंझागा हे जेझुइट पंथीयांचे खासगी विद्यापीठ. विद्यार्थिसंख्या आठ हजारांच्याही आत. तरीही कॉलेज बास्केटबॉलमध्ये त्याचे नाव मोठ्या विद्यापीठांच्या बरोबरीने घेतले जाते. एनबीएमध्ये सर्वाधिक असिस्टचा विक्रम करणारा जॉन स्टॉकटन इथलाच. पुढे त्याचा मुलगा डेव्हिड पुरुष संघातून, तर मुलगी लॉरा महिला संघातून खेळली.

पुरुष संघ
१९९९ मध्ये या संघाने राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठात धडक मारली आणि सगळं चित्रच पालटलं. त्याच वर्षी मार्क फ्यू मुख्य प्रशिक्षक झाले. २००४ मध्ये ६,००० आसनांचे मॅकार्थी सेंटर उभे राहिले. संघ २०१७ आणि २०२१ मध्ये अंतिम फेरीत पोहोचला. पण आधी नॉर्थ कॅरोलिनाकडून ७१-६५, नंतर बेलरकडून ८६-७० असा हरला. विजेतेपद अजून हुलकावणी देतंय.

महिला संघ
महिला संघही मॅकार्थी सेंटरमध्येच खेळतो. २०११ मध्ये अकरावे मानांकन असताना त्याने शेवटच्या आठात जागा मिळवली. त्या संघाची कोर्टनी व्हँडरस्लूट ही २,००० गुण आणि १,००० असिस्ट असा दुहेरी टप्पा गाठणारी पहिली खेळाडू ठरली. डिव्हिजन वनमध्ये तोवर पुरुषांपैकीही कुणाला हे जमलं नव्हतं. २०१४ पासून लिसा फोर्टियर प्रशिक्षक आहेत. २०२४ मध्ये संघ शेवटच्या सोळात होता.

नियमांतील फरक
महिलांच्या चेंडूचा घेर एक इंचाने कमी असतो. त्यांचा सामना दहा-दहा मिनिटांच्या चार भागांत होतो, पुरुषांचा वीस-वीस मिनिटांच्या दोन भागांत. राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या सोळा मानांकित महिला संघांना सुरुवातीच्या दोन फेऱ्या घरच्या कोर्टवर मिळतात. पुरुषांना त्रयस्थ ठिकाणी खेळावे लागते.

खरा फरक पैशाचा
सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांमध्ये लिंगभेदाला १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने मनाई केली. त्यामुळे मुलींच्या संघांना बळ मिळाले. स्पर्धेच्या कमाईचे गणित मात्र वेगळेच राहिले. पुरुष संघ राष्ट्रीय स्पर्धेत जितके सामने खेळतो, त्या हिशेबाने त्याच्या कॉन्फरन्सला, म्हणजे विद्यापीठांच्या गटाला, एनसीएए ही राष्ट्रीय संघटना पैसे देते. ही पद्धत १९९१ पासूनची. महिलांसाठी ती सुरू झाली थेट २०२५ मध्ये, पहिल्या वर्षी दीड कोटी डॉलरच्या निधीने.

म्हणजे गोंझागाच्या मुलींनी २०११ आणि २०२४ मध्ये बाजी मारली, तेव्हा त्या विजयांपोटी अशी एक दमडीही मिळाली नव्हती. म्हणूनच दोन्ही संघांची तुलना करताना नुसता गुणफलक पाहून चालत नाही. कुणाच्या विजयाला पैसा मिळत होता आणि कुणाच्या नाही, तेही पाहावं लागतं.