कचोऱ्याचं दुसरं नाव

कचोरा म्हटलं की बहुतेकांना दिवाळीच्या उटण्यातला ‘गव्हला-कचोरा’ तेवढा आठवतो. हा हळदीचाच भाऊबंद. पान हळदीसारखं, मधल्या शिरेलगत जांभळट पट्टा. कंद कापला तर आत फिकट पिवळा, वास कापराचा, चव कडवट. जुन्नरला आमच्या परसात तो दोन पिढ्या आहे. मृगाच्या पावसावर डोळा असलेला तुकडा चार बोटं खोल लावायचा, पाणी साचू द्यायचं नाही, थंडीत पानं वाळली की उकरायचा. चकत्या करून वाळवायच्या. इतके कमी लाड मागणारं दुसरं झाड माझ्या पाहण्यात नाही. अम्मी तो नवरीच्या हळदीत कुटून घालते, आणि घसा बसला की चिमूटभर तुकडा तोंडात धरायला देते. (पोटात नियमानं घ्यायचा असेल तर वैद्य-हकिमाला विचारा, गरोदर बाईनं तर घेऊच नये.)

माझे आजोबा मात्र त्याला कचोरा म्हणत नसत. ते म्हणायचे ‘जरंबाद’. हा शब्द युनानी हकिमांचा. इब्न सीनाच्या ‘कानून’मध्ये जरंबाद आहे आणि ‘जदवार’ही आहे. हीच दोन नावं पुढे युरोपात गेली, आणि तिथल्या औषधविक्यांनी त्यांची खिचडी केली. कचोऱ्याला इंग्रजीत ‘झेडोअरी’ म्हणतात, तो शब्द जदवारवरून आलेला. म्हणजे झाड एकाचं, नाव दुसऱ्याचं!

हा गुंता सोडवायला बसलेला माणूस आपल्या मुलखात वावरलेला होता. गार्सिया द ओर्टा १५३४ साली पोर्तुगालहून गोव्याला आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्य आणि स्नेही. बुऱ्हाणचे वडील मलिक अहमद यांनी १४९० साली आपली स्वतंत्र सत्ता उभी केली ती इथूनच, जुन्नरमधून. अहमदनगर शहर नंतरचं. ओर्टा लिहितो की निजामशहानं त्याला रोगांची आणि औषधांची अरबी नावं शिकवली, आणि त्यानं निजामशहाला लॅटिन. दख्खनचा सुलतान आणि परदेशी वैद्य एकमेकांना शब्द शिकवताहेत, हे चित्र आपल्या शालेय इतिहासात कुठंच येत नाही. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादरूपी ग्रंथात एक अख्खा संवाद जदवार आणि जरंबाद यांवर आहे.

ओर्टा मूळचा ज्यू घराण्यातला, धर्मांतरित. १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला इन्क्विझिशननं जाळलं, आणि १५८० साली त्याची हाडं उकरून तीही जाळली. ग्रंथ तेवढा उरला.

नावांचा हा घोळ नुसता पंडिती नाही. युनानीत जदवार म्हणजे निर्विषी, बचनागाच्या विषावरचा उतारा. आणि दिसायला ती मुळी बचनागासारखीच. तिथं नाव चुकलं तर जीव जातो. कचोऱ्याचं तसं भय नाही, पण बाजारात कचोरा मागितला की कधी कपूरकाचरीचे तुकडे पुड्यात येतात. ती हिमालयातली, कुळ एकच पण झाड वेगळं. उटण्यात ते खपून जातं, औषधात खपू नये.

औषधी झाडांची नावं नीट लावायचा उद्योग पुढे इंग्रजांनीही केला. जुन्नरजवळ हिवऱ्याला अलेक्झांडर गिब्सनच्या देखरेखीखाली सरकारी बाग होती. तिथं औषधी वनस्पती लावत. १८३८ पासून तो दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख होता. आंबेगावच्या पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरात पावसाळ्यात गुलाबी तुऱ्याची रानहळद उगवते. तिला शास्त्रीय नाव मिळालं ते १८३९ साली, ग्रॅहॅमच्या मुंबई परिसरातल्या वनस्पतींच्या यादीत. त्या नावातलं ‘कुर्कुमा’ पुन्हा अरबीच: ‘कुर्कुम’, आधी केशर, मग हळद. हळदीपासून बनणाऱ्या कुंकवाचं मूळ ‘कुंकुम’ हाही केशराचाच शब्द आहे.

आजोबांची हकिमीची वही उर्दूत आहे, आणि घरातल्या पुढच्या पिढीला ती वाचता येत नाही. म्हणून यंदा कंद शेजारी वाटताना मी प्रत्येक पुडीवर देवनागरीत दोन्ही नावं लिहिली. दोघांनी विचारलं, हे दुसरं काय?