प्रश्न पुढाऱ्याचा, उत्तर विद्यार्थ्यांचे

एखादी संस्था सरकारी हुकुमाने स्थापन झाली, म्हणजे तिच्या इतिहासाच्या पहिल्या पानावर राज्यकर्त्याचे नाव यावे हे ओघानेच आले. हुकूम कोणी काढला, कायदा केव्हा झाला, पहिला संचालक कोण, एवढे नमूद केले की इतिहास पुरा झाला असे आपण समजतो. अमेरिकेच्या ‘पीस कोअर’चे, म्हणजे शांतिदलाचे, असेच झाले आहे. परदेशांत जाऊन तेथील सामान्य माणसांत राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या तरुणांचे हे दल म्हटले की राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचे नाव पुढे येते, आणि ते योग्यही आहे. परंतु त्या नावाच्या मागे एका विद्यापीठातील काही विद्यार्थी उभे आहेत. त्यांची हकीगत तरुणांच्या नेतृत्वाविषयी बरेच काही सांगून जाते.

१४ ऑक्टोबर १९६० ची ती रात्र. दोन वाजले होते. केनेडी त्या वेळी राष्ट्राध्यक्षपदाचे केवळ उमेदवार होते. प्रतिस्पर्धी रिचर्ड निक्सन यांच्याबरोबरचा दूरचित्रवाणीवरील तिसरा वादविवाद आटोपून ते न्यूयॉर्कहून मिशिगन राज्यातील ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावी आले, ते रात्रीच्या मुक्कामापुरते. पण तेथे सुमारे दहा हजार विद्यार्थी त्यांची वाट पाहत ताटकळले होते. ‘मिशिगन युनियन’ या इमारतीच्या पायऱ्यांवर उभे राहून केनेडी दोनचार मिनिटे बोलले. लिहून आणलेले भाषण नव्हते. त्यांनी विचारले ते इतकेच, की तुमच्यापैकी जे डॉक्टर होणार आहेत त्यांतील किती जण घानासारख्या देशात काही काळ घालवायला तयार आहेत? जे तंत्रज्ञ आणि अभियंते होणार, त्यांतील किती जण देशाबाहेर जाऊन राबतील? ‘शांतिदल’ हा शब्दसुद्धा त्यांनी उच्चारला नाही. प्रश्न विचारून ते झोपायला गेले.

ही कल्पना अगदी नवी होती असेही नाही. सिनेटर ह्युबर्ट हंफ्री यांनी त्याच वर्षी अशा योजनेचे विधेयक मांडले होते. त्याच्याही आधी, १९५८ मध्ये, जेम्स रॉबिन्सन या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाने ‘ऑपरेशन क्रॉसरोड्स आफ्रिका’ या संस्थेतर्फे अमेरिकी विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत पश्चिम आफ्रिकेत नेले होते. तेथील विद्यार्थ्यांच्या खांद्याला खांदा लावून ते श्रमाची कामे करीत. या प्रयत्नाचे ऋण केनेडींनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. तेव्हा उणीव कल्पनेची नव्हती. हाक घातली तर तरुण खरोखर येतील का, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

ते दाखवून देण्याचे काम ॲन आर्बरच्या विद्यार्थ्यांनी केले. चारच दिवसांनी भारतातील माजी अमेरिकी राजदूत चेस्टर बोल्स यांचे विद्यापीठात भाषण झाले. आपला मुलगा आणि सून आफ्रिकेत शिकवण्याचे काम करीत असल्याचे त्यांनी सांगितले. ॲलन आणि ज्युडिथ गस्किन हे पदव्युत्तर वर्गात शिकणारे जोडपे ते ऐकून बाहेर पडले, ते विचार करीतच. ‘मिशिगन डेली’ या विद्यार्थ्यांच्या दैनिकाला त्यांनी पत्र लिहिले. आम्ही जायला तयार आहोत, आणखी कोण तयार आहे ते कळवा, असा त्या पत्राचा आशय होता. प्रतिसाद मोठा होता. सभा भरू लागल्या. जगाविषयीची आपली जबाबदारी मानणाऱ्या अमेरिकनांचे मंडळ, अशा अर्थाचे नाव घेऊन एक विद्यार्थी संघटना उभी राहिली आणि विनंतिअर्जावर सह्या घेण्यास सुरुवात झाली. पाहता पाहता सुमारे एक हजार सह्या जमल्या.

सह्यांचे अर्ज विद्यापीठांतून नेहमीच फिरतात. अमुक करा, तमुक थांबवा, अशी दुसऱ्याकडून मागणी करणारी सही सोपी असते. या अर्जावर सही करणारा मात्र स्वतःच्या आयुष्यातील काही वर्षे देऊ करीत होता. मिशिगनमधील डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यकर्त्या मिल्ड्रेड जेफ्री यांची मुलगी याच विद्यापीठात शिकत होती. मुलांची ही तळमळ त्यांनी केनेडींच्या सल्लागारांपर्यंत पोहोचवली. २ नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्को येथील सभेत केनेडींनी शांतिदलाची योजना जाहीर केली आणि ६ नोव्हेंबरला टोलेडोच्या विमानतळावर विद्यार्थ्यांनी तो अर्ज त्यांच्या हाती दिला. रात्रीच्या त्या प्रश्नानंतर तीन आठवडे आणि दोन दिवस झाले होते.

यात राजकारण नव्हते असे म्हणता येणार नाही. रशिया आणि चीन यांचे तंत्रज्ञ नव्या देशांत जात आहेत, आपण मागे का, ही भावना केनेडींच्या त्या भाषणात स्पष्ट होती. विरोधकांनीही टीकेची संधी सोडली नाही. लष्करी सेवा चुकवणाऱ्यांना ही पळवाट मिळेल, असे निक्सन म्हणाले. आयझेनहॉवर यांना हा पोरकटपणा वाटला. तरीही १ मार्च १९६१ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडींनी हुकूम काढला, त्यांचे मेहुणे सार्जंट श्रायव्हर संचालक झाले, आणि सप्टेंबरमध्ये कायदाही संमत झाला. या कायद्याचे तीन हेतू सांगितले आहेत. शिकलेल्या माणसांची गरज असलेल्या देशांना ती पुरवावीत, हा पहिला. त्या देशांतील लोकांना अमेरिकन माणूस कळावा, हा दुसरा. आणि अमेरिकनांना ते लोक कळावेत, हा तिसरा. तिनांपैकी दोन हेतू परस्परांना ओळखण्याचे आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

ओळख करून घेणे किती अवघड असते, याचा अनुभव लगेच आला. ३० ऑगस्ट १९६१ रोजी पन्नासेक शिक्षकांची पहिली तुकडी घानाच्या राजधानीत, आक्रा येथे उतरली. विमानतळावरच त्यांनी ट्वी भाषेतील एक देशभक्तिगीत म्हटले आणि यजमानांची मने जिंकली. पण दीड महिनाही लोटला नाही तोच नायजेरियातील इबादान येथे निराळाच प्रसंग घडला. तेथील एका तरुण स्वयंसेविकेने मायदेशातल्या मित्राला पोस्टकार्ड लिहिले आणि गावातील अस्वच्छतेचे, उघड्यावरील राहणीचे वर्णन केले. कार्ड वाटेत हरवले, ते विद्यार्थ्यांच्या हाती पडले, आणि त्याच्या प्रती हा हा म्हणता वसतिगृहांतून फिरल्या. नायजेरिया स्वतंत्र होऊन नुकते कुठे एक वर्ष झाले होते. विद्यार्थी खवळले, त्यांनी निषेधाची सभा घेतली, शांतिदलाने चालते व्हावे अशी मागणी केली. त्या मुलीने क्षमा मागितली आणि ती परत गेली.

या प्रसंगात दोन्हीकडे विद्यार्थीच होते. मुलीने लिहिले त्यात द्वेष नव्हता. पाहिले ते तिने लिहिले. पण जो सेवा करायला आला तो आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे विचारण्याचा यजमानांना अधिकार होता, आणि इबादानच्या विद्यार्थ्यांनी तो बजावला. माणूस दारिद्र्य सोसतो, पण पाहुण्याच्या डोळ्यांतली कीव त्याला सोसवत नाही. नायजेरियातील काम मात्र थांबले नाही. जे मागे राहिले ते अधिक सावध झाले, आणि बहुधा अधिक शहाणेही.

भारताचा संबंध येथेच येतो. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात श्रायव्हर दिल्लीला येऊन पंडित नेहरूंना भेटले होते. त्या भेटीची हकीगत श्रायव्हर सांगत असत. या तरुणांना आमच्या देशात पुष्कळ शिकायला मिळेल, असे नेहरू म्हणाले. मात्र ते परत जातील तेव्हा पंजाब साधारण पूर्वीसारखाच राहिलेला दिसला, तर त्यांनी फार निराश होऊ नये. या बोलण्यात मिस्कीलपणा आहे, पण तो बोचणारा नाही. हजारो वर्षांच्या देशाला दोन वर्षांत कोणी बदलून टाकणार नाही, येणाऱ्याने शिष्याच्या भावनेने यावे, एवढेच त्यांना सुचवायचे होते. त्या डिसेंबरात २६ जणांची पहिली तुकडी पंजाबात आली. पुढे १९७६ पर्यंत चार हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी भारतात शेती, कुक्कुटपालन, आरोग्य, शिक्षण अशी कामे केली.

त्यांतील एक महाराष्ट्रात येऊन राहिली. लिलियन कार्टर ही जॉर्जिया राज्यातील विधवा परिचारिका. १९६६ मध्ये मुंबईजवळच्या विक्रोळीला आली, तेव्हा तिचे वय ६८ होते. येण्यापूर्वी तिने मराठीचे धडे घेतले होते. प्रथम कुटुंबनियोजनाचे आणि मग दवाखान्यातील रुग्णसेवेचे काम तिने केले. काही वर्षांनी, १९७७ मध्ये, तिचा मुलगा जिमी कार्टर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला आणि विक्रोळीहून तिने घरी लिहिलेली पत्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तरुणांनी सुरू केलेल्या कार्यात एका आजीबाईने असे नाव मिळवावे, ही मौजेची गोष्ट खरी. पण सेवेचे तारुण्य वयावर मोजायचे नसते.

आजवर दोन लाख चाळीस हजारांहून अधिक स्वयंसेवक १४० हून अधिक देशांत जाऊन आले. गस्किन दांपत्यानेही आपला शब्द पाळला. पहिल्या तुकडीबरोबर ते दोघे थायलंडला गेले. मला या सर्व इतिहासात ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. मध्यरात्री हजारोंच्या गर्दीत टाळ्या वाजवणे कठीण नव्हते. सकाळी उठून पत्र लिहिणे, दारोदार सह्या मागणे, आणि अखेर आपल्याच सहीला जागून बोचके बांधून निघणे, यांतच त्या तरुणांचे नेतृत्व होते. प्रश्न पुढारी विचारून जातो. त्याला उत्तर द्यायचे की नाही, हे मात्र पायरीखाली उभ्या असलेल्यांनी ठरवायचे असते.