कारखान्याची जागा साफ झाली, पण तपासणीचे बोअर बुजवले का? गावकऱ्यांनी काय पाहायचं, जाणून घ्या

बंद कारखान्याच्या आवारात किंवा कुंपणालगत जमिनीतून वर आलेला २ ते ४ इंची पाइप आणि त्यावर टोपण दिसलं, तर तो बहुधा तपासणीचा बोअर असतो. त्याला निरीक्षण विहीर किंवा पिझोमीटर म्हणतात. भूजल बिघडलंय का, हे बघायला त्यातून पाण्याचे नमुने घेतात. जागा साफ झाली की त्याचं काम संपतं. पण तो तसाच उघडा राहिला, तर केलेल्या साफसफाईवर पाणी फिरू शकतं.

धोका कुठे आहे?
आपल्याकडे वरच्या मुरमात एक पाणी असतं आणि खालच्या काळ्या पाषाणाच्या भेगांत दुसरं. मधला घट्ट थर दोन्ही वेगळे ठेवतो. बोअर त्या थराला भोक पाडतो. टोपण तुटलं की फवारणीचं औषध, गटाराचं पाणी, सांडलेलं ऑइल सरळ खाली उतरतं. तेच पुढे गावाच्या नळयोजनेच्या विहिरीत येऊ शकतं. भोपाळच्या कारखान्यात पुरलेल्या कचऱ्यामुळे आसपासच्या वस्त्यांचं भूजल बिघडलं आणि २००४ मध्ये त्यांना चांगलं पाणी पुरवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला.

कधी बुजवायचा?
घाई नको. पावसाळ्यात पाणीपातळी वर येते, तेव्हा मातीत अडकलेलं रसायन पुन्हा पाण्यात उतरू शकतं. म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर, असे अनेक नमुने चांगले आल्यावर आणि तपासणी संपल्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून लेखी मिळाल्यावरच बोअर बंद करायचा.

कसा बुजवायचा?
१. खोली आणि पाणीपातळी मोजून लिहून ठेवायची. आत पडलेला पाइप, दोरी, पंप बाहेर काढायचा.
२. जमेल तिथे केसिंग उपसून काढायचं, कारण पाइपाभोवतीच्या वाळूतूनही पाणी झिरपतं.
३. सिमेंट, पाणी आणि थोडं बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी माती) यांचा काला करायचा.
४. बारीक पाइप तळापर्यंत सोडून त्यातून काला भरायचा. खालून वर भरत आणायचं. वरून ओतलं तर मध्ये पोकळी राहते.
५. काला बसला की परत भरायचा. पाइपाचं तोंड नांगर लागणार नाही इतकं खाली कापून वर माती टाकायची.

हिशोब सोपा आहे. ४ इंची, १०० फुटी बोअरला साधारण २५० लिटर काला, म्हणजे ५० किलोची सुमारे ६ पोती सिमेंट लागतं. ‘एका पोत्यात भागवलं’ असं कोणी सांगितलं, तर समजून घ्या की फक्त तोंड बंद केलंय.

दगड-माती का चालत नाही?
लहान मुलं पडू नयेत म्हणून सोडून दिलेले बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोट्यांनी भरावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं आहे. साध्या फेल बोअरला ते ठीक. पण दगडांच्या फटीतून पाणी जातंच. माझ्या रानातला एक फेल बोअर मीच वरवर दगड-माती टाकून बुजवला होता. दुसऱ्या पावसाळ्यात तिथे हातभर खड्डा पडला आणि बांधाचं सगळं पाणी त्यात शिरत होतं.

मोटार टाकू नका
‘आयता बोअर आहे, कांद्याला पाणी होईल’ असा विचार मनात येतो. पण उपसा सुरू झाला की आजूबाजूचं उरलंसुरलं रसायन त्याच्याकडे ओढलं जातं. हे पाणी पिकाला नको, जनावरालाही नको.

गावाने काय करायचं?
• आवारात आणि बाहेर एकूण किती बोअर आहेत, त्यांची यादी व नकाशा ग्रामपंचायतीने मागावा.
• बुजवताना ग्रामसेवक आणि दोन गावकरी हजर राहावेत. खोली, पोत्यांची संख्या, फोटो यासह पंचनामा करावा.
• उघडा बोअर दिसला तर ग्रामसभेचा ठराव करून जिल्हाधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला अर्ज द्यावा, पोच घ्यावी. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार आहेच. त्यात ३० दिवसांत माहिती द्यावी लागते.

जागा विकली गेली, प्लॉट पडले, की वर फरशी येते आणि बोअर सापडत नाही. म्हणून मोजणी आधी, व्यवहार नंतर.