महासाथीवर घेतलेला आळ

चेन्नईत फुटबॉलचा विषय निघाला की एक विधान हमखास कानावर येतं: कोरोना आला आणि आपला विजेता क्लब घेऊन गेला. हे इतक्या सहजपणे बोललं जातं की त्याला पुरावा मागावा असं कुणाच्या मनातही येत नाही. मला तो मागावासा वाटतो. एका क्लबाच्या अंताचं कारण चुकीचं ठरलं, की पुढच्या क्लबाचा अंत टाळण्याची वाटही चुकते.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो. ९ मार्च २०१९ रोजी चेन्नई सिटी एफसीने कोइंबतूरला मिनर्व्हा पंजाबचा ३-१ असा पराभव करून आय-लीग जिंकली. ४३ गुण, ईस्ट बंगालपेक्षा अवघा एक जास्त. पेद्रो मान्झीने त्या हंगामात २१ गोल केले होते. वर्षभराने, १४ मार्च २०२० ला, लीग थांबली. मोहन बागानचं विजेतेपद चार दिवस आधीच निश्चित झालं होतं, पण ११० पैकी २८ सामने बाकी होते आणि एप्रिलमध्ये ते रद्द झाले. सप्टेंबरमध्ये आशियाई क्लबांची एएफसी कप स्पर्धाही रद्द झाली. त्यात चेन्नई सिटीचा एकच सामना झाला होता. पुढचा हंगाम जानेवारी ते मार्च २०२१ या काळात कोलकाता परिसरात, बायो-बबलमध्ये, प्रेक्षकांविना उरकला गेला. चेन्नई सिटी खालच्या गटात राहिली. त्यानंतरच्या हंगामाआधी क्लब परवान्याच्या निकषांत न बसल्याने तिला लीगबाहेर काढलं गेलं. विजेतेपदापासून हकालपट्टीपर्यंत पुरती तीन वर्षंही गेली नाहीत, आणि या काळाच्या मधोमध महासाथ उभी आहे.

क्रम तर बिनतोड दिसतो. पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, एवढ्यावरून कावळ्याच्या वजनाचा हिशेब मांडता येत नाही. फांदी आधी तपासावी लागते.

तारखा जरा मागे नेऊन पाहा. चेन्नई सिटी जिंकली त्या मार्चमध्ये आय-लीगच्या विजेत्याला आशियाई चॅम्पियन्स लीगच्या प्राथमिक फेरीत प्रवेश होता. त्याच वर्षी जुलैमध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने इंडियन सुपर लीगला अव्वल दर्जा देण्याची शिफारस केली आणि ऑक्टोबरमध्ये आशियाई महासंघाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. आय-लीग जिंकून वरच्या लीगमध्ये जाण्याचा मार्ग खुला होणार होता, पण २०२२-२३ च्या हंगामापासून. म्हणजे देशाचा विजेता म्हणून मिरवलेला क्लब सात महिन्यांत दुसऱ्या पायरीवरच्या लीगचा माजी विजेता झाला. कुठल्याही प्रायोजकासमोर ठेवायला त्याच्याकडे जी एक गोष्ट होती, तिची किंमत एका बैठकीने उतरवली. तेव्हा कोरोनाचं नावही कुणी ऐकलं नव्हतं.

संघाचं काय झालं? नेस्टर गोर्दिल्यो २०१९ मध्येच हैदराबादच्या वाटेला लागला. एडविन सिडनी त्याच वर्षी चेन्नईयिन एफसीत गेला. मान्झी २०२० च्या सुरुवातीला जपानच्या अल्बिरेक्स निगाताकडे गेला. लीगला टाळं लागलं तेव्हा विजेत्या संघाचा कणा निघून गेलेला होता. १४ जानेवारी २०२० ला बहरीनच्या रिफाकडून ०-१ ने हरून चॅम्पियन्स लीगची वाटही संपली होती.

आता या क्लबाचं घर कुठे होतं ते पाहू, कारण माझ्या मते सगळ्यात बोलकी साक्ष तीच आहे. नाव चेन्नईचं, घरचं मैदान पाचशे किलोमीटरवरच्या कोइंबतूरमध्ये. एएफसी कपमधला मालदीवच्या माझियाविरुद्धचा २-२ बरोबरीचा ‘घरचा’ सामना ११ मार्च २०२० ला थेट अहमदाबादला झाला. पेरियामेटच्या नेहरू स्टेडियमबाहेर चहा पिणाऱ्या माणसाला या क्लबाशी नातं जोडायला जागाच नव्हती. स्वतःच्या गावात तिकीट विकू न शकणाऱ्या क्लबाला रिकाम्या स्टेडियमने किती लुटलं असेल? जे उत्पन्न मुळात नव्हतं, ते महासाथीने बुडवलं असं म्हणता येत नाही.

मराठी वाचकाला याचा पडताळा घरबसल्या घेता येईल. राष्ट्रीय लीग जिंकलेली महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाली. २०१२-१३ मध्ये आय-लीगचं उपविजेतेपद मिळवणारा पुणे एफसी २०१५ मध्ये संपला. भारत एफसी एकाच हंगामात आटोपला. डीएसके शिवाजियन्स आणि मुंबई एफसी २०१७ नंतर दिसले नाहीत. बालेवाडीत खेळणारी एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये मोडली आणि तिची जागा हैदराबादला गेली. या यादीतल्या प्रत्येक क्लबाच्या वेळी मैदानं खुली होती, रेल्वे धावत होती, माणसं मास्क न लावता हिंडत होती. परदेशातही तेच दिसतं. इंग्लंडच्या बरी या १८८५ मध्ये स्थापन झालेल्या क्लबाला कर्जापायी लीगमधून हाकललं गेलं ते ऑगस्ट २०१९ मध्ये. आणि चेन्नई सिटीची रिकामी जागा मिळाली कुणाला? मुंबईच्या केंकरे एफसीला. पात्रता फेरीत दुसरा आलेला हा संघ त्यामुळे आय-लीगमध्ये आला आणि दोन हंगामांनी खाली घसरला. महासाथ ओसरून गेल्यानंतर.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे: क्लब दुबळे होते हे मान्य, पण महासाथीने त्यांना शेवटचा धक्का दिला, नाहीतर ते तगले असते. धक्का बसला हे मी नाकारत नाही. कारणमीमांसेत निमित्त आणि मूळ कारण वेगळं मानतात, आणि ते वेगळं काढण्याची कसोटी सोपी आहे. धक्का सगळ्यांना सारखा बसला तर पडलं कोण, उभं राहिलं कोण?

कोल्हापूरकडे बघा. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल. हे संघ तालमींचे आणि पेठांचे. ना मोठा उद्योगसमूह, ना परदेशी भागीदार. शाहू स्टेडियमवरचं तिकीट, पेठेतली वर्गणी आणि गल्लीतल्या पोरांचे पाय, एवढंच भांडवल. प्रेक्षक थांबल्याने क्लब मरत असता तर हेच आधी मरायला हवे होते, कारण त्यांच्याकडे प्रेक्षकांशिवाय काहीच नाही. साथ ओसरल्यावर हे सगळे संघ मैदानावर परत आले. त्यांचा खर्च कमी आणि दर्जा स्थानिक, तेव्हा ही तुलना अन्याय्य आहे, असं कुणी म्हणेल. दर्जाचं मान्य. पण खर्च कमी आहे हा योगायोग नाही. मिळकतीच्या मापाने खर्च करण्याची ती शिस्त आहे, आणि हा खर्च उचलणारी माणसं मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतात. चेन्नई सिटीमध्ये स्वित्झर्लंडच्या एफसी बासेलची २६ टक्के भागीदारी होती. त्या भागीदारीने क्लबाला पेरंबूरच्या गल्लीत एकही आजीव सभासद मिळवून दिला नाही.

दुसरा पुरावा तर खुद्द चेन्नईतलाच आहे. या शहराचा सुपर लीगमधला संघ म्हणजे चेन्नईयिन एफसी. १४ मार्च २०२० ला गोव्यातल्या फातोर्ड्याला रिकाम्या स्टँडसमोर झालेल्या अंतिम सामन्यात तो एटीकेकडून १-३ असा हरला. त्याआधीचा त्यांचा घरचा सामना २९ फेब्रुवारीचा, एफसी गोवाला ४-१ ने लोळवलेला. त्यानंतर नेहरू स्टेडियमवर लीगचा पुढचा सामना झाला तो १४ ऑक्टोबर २०२२ ला. मधले दोन हंगाम सगळे संघ गोव्यात, हॉटेलच्या खोल्यांत आणि चाचण्यांच्या रांगांत, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को या तीन मैदानांवर खेळले. अडीच वर्षांहून जास्त काळ घर बंद. तरी चेन्नईयिन बंद पडला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र याच क्लबाने कामकाज थांबवत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा कुठली साथ होती? महासंघ आणि लीगच्या आयोजकांमधला २०१० चा पंधरा वर्षांचा करार संपत आला होता, नव्याचा पत्ता नव्हता, आणि लीग ठरलेल्या वेळी सुरू झाली नाही. विषाणूला जे दोन हंगामांत जमलं नाही ते एका मुदत संपणाऱ्या कागदाने काही आठवड्यांत केलं. यापुढे चेन्नईच्या फुटबॉलच्या दुर्दशेचं खापर महासाथीवर फोडणाऱ्याने आधी त्या ऑगस्टचं उत्तर द्यावं.

मग महासाथीने काहीच बिघडवलं नाही का? भरपूर बिघडवलं. पण ते खालच्या पायऱ्यांवर, जिथे कॅमेरा पोचत नाही. विजेत्या क्लबाच्या शोकात ही हानी बोलायची राहून गेली, आणि रूढ समजुतीवरचा माझा खरा राग हाच आहे.

उत्तर चेन्नईतली व्यासरपाडी फुटबॉलसाठी प्रसिद्ध आहे. भारताकडून खेळलेला धनपाल गणेश तिथलाच. अशा वस्तीतल्या मुलासाठी फुटबॉल म्हणजे क्वचितच सुपर लीग. त्याच्यासमोरचं खरं दार नोकरीचं असतं: इंटिग्रल कोच फॅक्टरी, दक्षिण रेल्वे, आयकर, सीमाशुल्क, इंडियन बँक. ही नावं चेन्नईच्या लीगमध्ये संघ म्हणून दिसतात आणि घरोघरी पगार म्हणून. या दारातून आत जायला क्रीडा कोट्याचा अर्ज लागतो आणि अर्जासोबत प्रमाणपत्र. केंद्र सरकारच्या नियमांत त्याचे नमुने ठरलेले आहेत. राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्याचं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २, खाली राज्य संघटनेच्या सचिवाची सही. स्पर्धा झाली तरच त्यावर स्पर्धेचं नाव आणि तारीख लिहिता येते.

आता बघा काय झालं. राज्यांच्या संघांमधल्या संतोष ट्रॉफीची २०१९-२० ची अंतिम फेरी ऐझॉलला व्हायची होती, ती झालीच नाही. २०२०-२१ ची स्पर्धा भरलीच नाही. वयोगटांच्या राष्ट्रीय युवा लीगही त्या काळात ठप्प. भरतीला वयाची अट असते आणि कामगिरी अलीकडच्या वर्षांतली लागते. जो मुलगा त्या दोन वर्षांत आपल्या खेळाच्या ऐन भरात होता, त्याच्या फॉर्म २ वर लिहायला काहीच नाही. त्याने खेळ सोडला नाही, तो कमी पडला नाही, त्याला फक्त तारीख मिळाली नाही.

मुलींच्या बाबतीत हा हिशेब जन्मसालासकट मांडता येतो. सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा भारतात २०२० मध्ये होणार होती. ती २०२१ वर ढकलली, मग ती आवृत्ती रद्द झाली आणि २०२२ ची स्पर्धा भारताला मिळाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती भुवनेश्वर, गोवा आणि नवी मुंबईत झाली, पण तोवर पात्रतेचं जन्मसाल २००३ वरून २००५ वर सरकलं होतं. ज्या मुलींना घरच्या मैदानावर विश्वचषक खेळायचा म्हणून तयार केलं गेलं, त्यांच्यातल्या २००३ आणि २००४ मध्ये जन्मलेल्यांना नियमानेच बाहेर बसावं लागलं. क्लब पुन्हा उभारता येतो, परवाना पुन्हा मागता येतो, चेन्नई सिटीची जागा केंकरेला देता येते. या मुलींची जागा मागे ठेवण्याची तरतूद कुठल्याही महासंघाच्या नियमावलीत नव्हती.

चेन्नई सिटीच्या अस्ताची चौकशी करायची असेल तर २०१९ च्या जुलै आणि ऑक्टोबरमधले निर्णय, परवान्याची कागदपत्रं आणि चेन्नईच्या क्लबाला कोइंबतूरला राहायला लावणारा मैदानांचा हिशेब काढावा. महासाथीच्या नावाने हिशेब मागायचा असेल तर राज्य संघटनेच्या कार्यालयात जावं. त्या दोन वर्षांत ज्यांचं वय भरतीच्या अटीपलीकडे गेलं त्या खेळाडूंची यादी मागावी, आणि रेल्वे, आयकर, बँकांनी त्यांना वयात दोन वर्षांची सवलत द्यावी यासाठी भांडावं.