पडद्यावरचे मेज आणि त्याचा धनी

राहत्या जागेची मांडणी आपल्या सोयीने बदलणे ही माणसाची फार जुनी सवय आहे. नव्या घरी आलेले कुटुंब सामान उतरवून घेते न घेते तोच देव्हारा कोठे ठेवावा, खाट कोणत्या भिंतीशी लावावी, याची चर्चा सुरू होते. घर ज्याने बांधले त्या गवंड्याची संमती त्यासाठी कोणी मागत नाही. संगणकाच्या पडद्याच्या बाबतीत मात्र ही गोष्ट इतकी सरळ राहिलेली नाही. आज असंख्य माणसे दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास या पडद्यासमोर घालवितात. संगणक सुरू केला की समोर जी पार्श्वभूमी, जी चिन्हे, ज्या खिडक्या आणि जी पट्टी दिसते, त्या सर्वांना मिळून ‘डेस्कटॉप’, म्हणजे मेजाचा पृष्ठभाग, असे म्हणतात. या मेजाची मांडणी ठरविण्याचा अधिकार ते बनविणाराचा की त्यावर काम करणाराचा, हा वाद जवळजवळ अर्धशतकाचा आहे. त्याचा इतिहास येथे थोडक्यात सांगावयाचा आहे.

प्रारंभी पडद्यावर मेज नव्हतेच. आज्ञा अक्षरांनी लिहावयाची आणि उत्तर अक्षरांनीच वाचावयाचे, अशी रीत होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे एका परिषदेत हाताने सरकवावयाच्या ‘माउस’चे जाहीर प्रात्यक्षिक दाखविले आणि पडद्यावरील वस्तूकडे बोट दाखविण्याची सोय प्रथमच पुष्कळांच्या नजरेस आली. पुढे झेरॉक्स कंपनीने १९७० साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे काढलेल्या संशोधन केंद्रात १९७३ मध्ये ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला. त्याच्या पडद्यावरील प्रत्येक ठिपका स्वतंत्रपणे काळा वा पांढरा करता येत असे. ही गोष्ट दिसावयास लहान, परंतु पुढील सर्व इतिहासाचे मूळ तीत आहे. जे चित्र ठिपक्यांनी काढलेले आहे, ते पुसून निराळे काढता येते. म्हणजे बदलाची शक्यता यंत्रातच होती. ती कोणाच्या हाती द्यावयाची एवढाच प्रश्न उरला होता.

याच केंद्रात ॲलन के आणि त्यांचे सहकारी यांनी मेजावरील कागदांप्रमाणे एकमेकींवर पसरणाऱ्या खिडक्यांची कल्पना प्रत्यक्षात आणली. १९८१ साली झेरॉक्सने ‘स्टार’ हा संगणक बाजारात आणला. त्यात कागद, फायलींची पाकिटे, येणाऱ्या आणि जाणाऱ्या टपालाची तबके अशी कचेरीतील वस्तूंची छोटी चित्रे होती आणि ती पडद्यावर हवी तेथे मांडता येत. या यंत्राची किंमत सोळा हजार डॉलरांच्या वर असल्यामुळे ते सामान्य माणसापर्यंत पोहोचले नाही. त्यातील मेजाची कल्पना मात्र टिकली.

ती कल्पना घराघरांत नेण्याचा मान ॲपल कंपनीच्या ‘मॅकिन्टॉश’कडे जातो. हा संगणक २४ जानेवारी १९८४ रोजी प्रकाशात आला. त्याचा पडदा ५१२ गुणिले ३४२ ठिपक्यांचा आणि केवळ काळा-पांढरा होता. तरीही सूझन केअर यांनी रेखाटलेल्या त्याच्या नियंत्रण-फलकात आठ गुणिले आठ, म्हणजे चौसष्ट ठिपक्यांचा एक चौकोन होता. तो आपल्या मनाप्रमाणे भरला की त्याची नक्षी साऱ्या मेजावर पसरे. रांगोळीचा एक लहानसा ठिपक्यांचा आराखडा माणसाच्या हाती द्यावा, तसाच हा प्रकार होता.

याच संगणकाच्या जन्मकाळची एक हकीकत त्याचे एक शिल्पकार अँडी हर्ट्झफेल्ड यांनी लिहून ठेवली आहे. ख्रिस एस्पिनोसा हे गणकयंत्राचे चित्र तयार करीत होते आणि कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांना ते काही केल्या पसंत पडेना. कधी रेषा जाड वाटे, कधी बटणे लहान वाटत. अखेर एस्पिनोसा यांनी निराळीच युक्ती केली. रेषांची जाडी, बटणांचा आकार, मागील नक्षी हे सारे हाताने बदलता येईल असा प्रोग्रॅम रचून त्यांनी तो जॉब्स यांच्यापुढे ठेवला. दहाएक मिनिटांत जॉब्स यांना मनाजोगे गणकयंत्र सापडले, आणि तेच पुढे वर्षानुवर्षे, कंपनीची जुनी कार्यप्रणाली मागे पडेपर्यंत, सर्व ग्राहकांच्या पडद्यावर राहिले. ही गोष्ट गमतीची खरी, परंतु बोधप्रदही आहे. मांडणी बदलण्याचे साधन एका माणसाला मिळाले आणि त्याने केलेली निवड लक्षावधींसाठी कायम झाली. ज्याला आपण ‘मूळ मांडणी’ म्हणतो, तीही कोणा एकाची आवडच असते.

याच सुमारास अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत, याच्या अगदी उलट विचार आकार घेत होता. निरनिराळ्या कंपन्यांचे संगणक विद्यार्थ्यांना सारख्याच रीतीने वापरता यावेत म्हणून त्या संस्थेने १९८३ मध्ये ‘अथीना’ नावाची योजना हाती घेतली होती. तेथे रॉबर्ट शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी १९८४ साली ‘एक्स’ ही खिडक्यांची प्रणाली सुरू केली. तिचे सूत्र असे की, आम्ही साधन देऊ, धोरण देणार नाही. खिडकी पडद्यावर काढण्याची जबाबदारी प्रणालीची. परंतु तिला चौकट कशी असावी, ती कोठे उघडावी, कोणत्या बटणाने मिटावी, हे ठरविणारा प्रोग्रॅम निराळा आणि बदलता येण्याजोगा ठेवला होता. एका साध्या मजकुराच्या फायलीत चार ओळी बदलल्या की साऱ्या मेजाचे रूप पालटे. स्वातंत्र्य इतके पूर्ण क्वचितच कोणी दिले असेल. परंतु त्याची दुसरी बाजूही होती. दोन प्रोग्रॅम एकसारखे वागतील याची शाश्वती नव्हती, आणि त्या चार ओळी लिहावयाच्या कशा हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या लेखी ते स्वातंत्र्य कुलूप लावलेल्या कोठारासारखेच होते.

मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज’ने मधला मार्ग धरला. १९९२ च्या आवृत्तीत रंगांच्या तयार योजनांची यादी होती आणि तीत लाल-पिवळ्या रंगांची एक इतकी भडक योजना होती की तिची थट्टा आजही होते. २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या ‘विंडोज ९५’ मध्ये मेजावर माउसचे उजवे बटण दाबताच मांडणी बदलण्याचा फलक पुढे येऊ लागला. त्याच आवृत्तीत मंददृष्टीच्या माणसांसाठी ठळक विरोधी रंगांची योजना होती, आणि ज्यांना एका वेळी दोन कळा दाबता येत नाहीत त्यांच्यासाठी कळा एकामागून एक दाबण्याची सोयही होती. मांडणी बदलणे हा रिकामपणचा षोक आहे असे जे मानतात, त्यांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी. एकाला जो केवळ रंगांचा खेळ वाटतो, तो दुसऱ्याला वाचता येणे आणि न येणे यांतील फरक असतो.

इकडे ‘एक्स’च्या जगातील अव्यवस्था दूर करण्यासाठी १९९६ मध्ये मथियास एट्रिश या जर्मन विद्यार्थ्याने ‘केडीई’चा आणि १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा व फेदेरिको मेना या मेक्सिकन तरुणांनी ‘ग्नोम’चा आरंभ केला. दोन्ही प्रकल्पांचा मूळ प्रोग्रॅम सर्वांना खुला होता. परंतु लवकरच त्यांच्यात मतभेदाची रेषा उमटली. केडीईने होता होईल तो प्रत्येक गोष्ट बदलण्याची मुभा ठेवली. ग्नोमचे एक प्रमुख रचनाकार हॅवॉक पेनिंग्टन यांनी मात्र २००२ च्या सुमारास असे प्रतिपादिले की, प्रत्येक वाढीव पर्यायाची किंमत मोजावी लागते. तपासणी वाढते, दोष दडून राहतात आणि उपयोगाचा पर्याय निरुपयोगी पर्यायांच्या गर्दीत हरवतो. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तरीही लिनक्सचे जनक लायनस टॉरव्हाल्ड्स यांनी डिसेंबर २००५ मध्ये त्यावर कठोर टीका केली. वापरणारे मूर्ख आहेत असे धरून चालाल, तर तुमच्याकडे मूर्खच राहतील, असा तिचा आशय होता.

एप्रिल २०११ मध्ये ग्नोमची तिसरी आवृत्ती आली. तिने जुनी पट्टी काढली आणि खिडकी लहान-मोठी करण्याची बटणेही मूळ मांडणीतून वगळली. पुष्कळांची वर्षांची सवय एका दिवसात निरुपयोगी झाली. तेव्हा काहींनी जुना प्रोग्रॅम उचलून ‘माटे’ या नावाने चालू ठेवला, तर ‘लिनक्स मिंट’च्या मंडळींनी नव्या पायावर जुन्या वळणाचे ‘सिनॅमन’ उभे केले. पुढल्याच वर्षी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, ‘विंडोज ८’ ने आपले प्रसिद्ध ‘स्टार्ट’ बटण काढून टाकले. येथेही नाराजी तितकीच झाली. पण ग्राहकांच्या हाती तक्रार करणे आणि बाहेरच्या लहानसहान प्रोग्रॅमांची ठिगळे लावणे एवढेच होते. बटण २०१३ मध्ये परत आले आणि त्यामागील यादी २०१५ मध्ये. एका बाजूला लोकांनी आपले मेज स्वतः पुन्हा बांधले; दुसऱ्या बाजूला मालकाचे मन वळेपर्यंत थांबावे लागले. दोन्ही घटना शेजारी ठेवल्या म्हणजे अधिकार आणि सवलत यांतील भेद निराळा समजावून सांगावा लागत नाही.

या वादाशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. तो भाषेच्या द्वारे येतो. पडद्यावरील शब्द हाही मांडणीचाच भाग होय. १९९१ साली ‘युनिकोड’ या जागतिक संकेतप्रणालीच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. खुल्या प्रकल्पांत पडद्यावरील शब्द मूळ प्रोग्रॅमपासून अलग अशा फायलींत ठेवलेले असल्यामुळे, ज्याला प्रोग्रॅम लिहिता येत नाही पण भाषा येते, अशा माणसालाही ते मराठीत आणता आले. ग्नोम आणि केडीई यांना मराठी रूप मिळाले ते याच वाटेने. भारत सरकारच्या ‘सी-डॅक’ संस्थेने २००७ मध्ये ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारलेली कार्यप्रणाली अनेक भारतीय भाषांसाठी काढली, तीही या खुल्या पायावरच उभी होती. कोणा दूरच्या कंपनीला मराठीची बाजारपेठ किफायतशीर वाटण्याची वाट या कामासाठी पाहावी लागली नाही.

मात्र अनुवादक हाही एक प्रकारचा रचनाकारच ठरतो, हे विसरून चालणार नाही. ‘फाईल’ म्हणावे की ‘धारिका’? पहिला शब्द कचेरीतील शिपायाच्याही तोंडी आहे, दुसरा शासकीय कोशात शोभतो. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून निराळे आहेत. अशा वेळी आपल्या डोळ्यांना सवयीची अक्षरे निवडता येणे ही चैन नव्हे. जो आपल्या भाषेत पडदा वाचू पाहतो, त्यालाही ती भाषा कोशातली हवी की बोलण्यातली, याचा कौल देता आला पाहिजे.

वाद अजून मिटलेला नाही. २०२१ मध्ये ‘विंडोज ११’ प्रसिद्ध झाले तेव्हा पडद्याच्या तळाची पट्टी बाजूला वा वर नेण्याची पंचवीस वर्षांची मुभा त्यात नव्हती. साधेपणा हवा, हे रचनाकाराचे म्हणणे खरे आहे. बहुसंख्य माणसे मांडणी कधीच बदलीत नाहीत, म्हणून पहिली मांडणी चांगली असणे हे त्याचे पहिले कर्तव्यच आहे. परंतु सवय ही माणसाने कष्टाने मिळविलेली मिळकत असते. हात जेथे न पाहता जातो, तेथून वस्तू हलविणे म्हणजे त्या मिळकतीवर हात टाकणे होय. म्हणून चांगली मांडणी करून देणे जितके आवश्यक, तितकेच ती मोडून आपल्यापुरती निराळी करण्याचे दार उघडे ठेवणेही आवश्यक आहे. मेज कोणीही बनवो, त्यावर जो रोज बसतो त्याला आपली दौत उजवीकडे ठेवावी की डावीकडे, हे ठरविता आले पाहिजे.