बंपरची झिलई

जुन्या फियाटच्या बंपरवर चमकतं ते मुख्यतः निकेल. त्यावरचा क्रोमचा थर जेमतेम पाव ते अर्धा मायक्रॉनचा; तो निळसर छटा देतो आणि निकेलला काळवंडू देत नाही. गंज अडवतात ते खालचे थर. त्याही खाली असतो बफिंगवाल्याचा हात, कारण पत्र्यावर राहिलेला ओरखडा वरच्या प्रत्येक थरातून दिसतो.

एका धातूला दुसऱ्या धातूचा पातळ थर देऊन जपायचं, हे आपल्याकडे कल्हईवाले नवसागर आणि कथील घेऊन पिढ्यान्‌पिढ्या करत आले. मोटारीला मात्र ही सोय उशिरा मिळाली. १८९८ च्या सुमारास मुंबईत मोटारी आल्या, त्या काळात गाड्यांचे दिवे पितळेचे असत, सतत घासावे लागत. मग निकेल आलं, तेही मंदावे. १९२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक आणि सहकाऱ्यांनी क्रोम चढवण्याची भरवशाची रीत बसवली आणि काही वर्षांतच मोटारींचं रूप पालटलं.

आपल्याकडे ते रूप घरोघरी ओळखीचं केलं वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर कंपनीने. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट निघाली; तीच पुढे पद्मिनी झाली.

वसईसारख्या खाडी-मिठागरांच्या मुलखात अशी गाडी राखणं कठीण. खारट दमट हवा क्रोमच्या बारीक छिद्रांतून आत शिरते. निकेलला भेदून लोखंडापर्यंत पोचली की तांबूस ठिपके उमटतात. असा बंपर नुसता घासून उपयोग नाही. जुना मुलामा उतरवायचा, खड्डे भरायचे, पत्रा बफ करायचा आणि पुन्हा थर चढवायचे. गाडीवरच्या स्टेनलेसच्या पट्टीला मात्र मुलामाच नसतो. तिचा पोचा मागून हलक्या हातोडीने उठवतात, मग कानस, बारीक एमरी आणि शेवटी सुती बफ. ॲल्युमिनियमची पट्टी ॲनोडाइझ केलेली असेल, तर तो कडक थर आधी कॉस्टिकने काढावा लागतो. पट्टी कशाची, हे न पाहता बफला लावणारा कारागीर मला घाबरवतो.

माझं मत विचाराल तर, ठिपके थोडे असतील तर बंपर पुन्हा मुलाम्याला देऊच नका. क्रोमच्या जुन्या पद्धतीतलं षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. मुलाम्याच्या गाळ्यातला माणूस त्याची वाफ श्वासात घेतो. मऊ फडकं, गोडं पाणी आणि वरून मेण, एवढ्यावर चांगला मुलामा वर्षानुवर्षं टिकतो. गाडी धुतल्यावर बंपरची मागची बाजूही कोरडी करा; गंज बहुधा तिकडूनच सुरू होतो.