पाण्याची वाट

जुन्या मोटारीची डागडुजी करताना दाराच्या खालच्या कडेला, उंबऱ्याच्या पोटाशी बारीक भोके दिसतात. रस्त्यावरचे चिखलपाणी आत शिरू नये म्हणून ती बुजवून टाकावीत, असे धन्याला साहजिकच वाटते. परंतु ही भोके तेथे कशी आली, हे आधी पाहणे इष्ट.

आरंभीच्या मोटारीचे अंग घोडागाडीसारखेच होते: लाकडी सांगाडा, वर पत्रा आणि खाली वेगळी भक्कम चौकट. १९२२ साली लान्सियाच्या ‘लाम्ब्डा’ने आणि १९३४ साली सित्रोएनच्या ‘त्राक्स्यों आव्हां’ने ती वेगळी चौकटच वगळली. भार पेलण्याचे काम पत्र्याच्या पोकळ पेट्यांवर आले. दाराखालचा उंबरा ही त्यांतली एक प्रमुख पेटी. उत्तरपाड्यास २०१४ पर्यंत तयार होणारी अम्बॅसेडर आणि मुंबईत कुर्ल्यास निघालेली प्रीमियर पद्मिनी या दोघीही याच घडणीच्या.

पोकळी आली की तिच्यात पाणी आलेच. काचेच्या फटीतून पाऊस दारात उतरतो. रात्रीच्या गारव्याने हवेतील बाष्प पत्र्याच्या आतल्या अंगाला दवासारखे धरते. या पाण्याला वाट आणि पोकळीला वारा मिळावा, म्हणून ती भोके.

पाणी खालूनही येते, हे खरे. १९५९ साली निघालेल्या ‘मिनी’च्या तळाच्या पत्र्यांचा सांधा उलट्या दिशेने बसला होता, त्यामुळे चाकांनी उडविलेले पाणी आत जाऊन पायांखालची जाजमे भिजत. पण तो दोष सांध्याचा होता, आणि इलाजही सांध्याचाच करावा लागला.

मात्र सर्व भोके सारखी नव्हेत. काही केवळ बांधणीच्या वा रंगकामाच्या सोयीसाठी पाडलेली असतात. त्यांना कारखानाच रबरी बूच बसवितो. ते बूच जीर्ण झाल्यास नवे घालावे. जे भोक कारखान्याने उघडे ठेविले, ते उघडेच ठेवावे आणि पावसाळ्यापूर्वी तारेने साफ करावे. गंजरोधक मेणानेही ते बुजलेले असू शकते.

मोरीतून उंदीर येतो म्हणून कोणी मोरी लिंपून टाकीत नाही; जाळी बसवितो. काही मोटारींच्या भोकांवर कारखान्यानेच रबराची झडप दिली, ती याच विचाराने. बुजविलेला उंबरा बाहेरून चकचकीत दिसतो. आत मात्र गंज मुकाट्याने पत्रा खात राहतो. दार नीट लागेनासे होते, तेव्हा गाडीचा कणाच वाकलेला असतो.